भ्रूणाचा हिशेब चौदा दिवसांचा, आमचा हिशेब कोण ठेवणार?



मागच्या वर्षावासात जानेफळच्या आमच्या विहारात ग्रंथवाचन संपले, बाया घरी निघाल्या आणि एक जण मागे थांबली. तिशीच्या आतली, दोन लेकरांची आई. वर्षातले आठ महिने नवऱ्यासोबत मोठ्या शहरात बांधकामावर असते आणि पेरणीच्या वेळी सासूकडे येते. पोट सारखे दुखते म्हणाली. मी नेहमीचे प्रश्न विचारले. पाळी, अंगावर जाणे, आधीची बाळंतपणे. बराच वेळ ती इकडचे तिकडचे बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "ताई, मी बीज देल्लं व."

मग सगळे बाहेर आले. साइटवरच्याच एका बाईने ओळख काढून दिली होती. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मग भूल, संध्याकाळी खोलीवर परत. हातात नोटा मिळाल्या, कागद एकही नाही. पहिल्यांदा निभावले. दुसऱ्यांदा पोट फुगले, दम लागला, आणि जिने नेले होते ती फोन उचलेना. दुसऱ्या वेळी आधार कार्ड दुसऱ्याच बाईचे दाखवले होते. मी म्हटले, तक्रार करू. ती घाबरली. "मी सांगतलं त मलेच धरतीन."

तिला घेऊन दोन ठिकाणी फिरले. दोन्हीकडे "पुढे न्या" असेच उत्तर मिळाले. तपासणी झाली ती तिसऱ्या जिल्ह्यात, उसनवारीच्या पैशावर. त्या प्रवासात जे डोक्यात घोळत होते तेच आज लिहीत आहे. त्या बाईच्या शरीरातून निघालेल्या बीजाचे पुढे भ्रूण झाले असेल, तर त्या भ्रूणावर आज केंद्राचा कायदा आहे, राष्ट्रीय मंडळ आहे, नोंदवही आहे, दंड आहे, तुरुंग आहे. आणि ती बाई एसटीच्या मागच्या सीटवर पोट धरून बसली होती.

आपल्या चळवळीत भ्रूण संशोधनाचा विषय काढला की कार्यकर्ते म्हणतात, हा वरच्या वर्गाचा विषय. अनुशेषाचा विषय काढला की म्हणतात, हा विदर्भवादी पुढाऱ्यांचा विषय. माझे म्हणणे असे की हे दोन्ही विषय आपले आहेत आणि मुळात तो एकच विषय आहे. या देशात शासन देखरेख कशावर ठेवते? ज्याला मालक आहे त्यावर. भ्रूणाला मालक आहे, हेक्टरला मालक आहे. म्हणून त्यांची मोजदाद होते. बीज देणारी मजूर बाई आणि बिनजमिनीचे घर यांच्यासाठी रकानाच नाही.

चौदा दिवसांचा पहारा

आधी कायदा काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीवर भांडण करता येत नाही.

6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे काम त्यामागे होते. म्हणजे सरकारी रुग्णालय आणि सरकारी संस्था. याच संस्थेने पुढे मानवी भ्रूणापासून 'काइंड-1' आणि 'काइंड-2' नावाच्या मूलपेशींच्या वाहिन्या तयार केल्या. 2001 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी भ्रूणाच्या मूलपेशींवरील संशोधनाला सरकारी पैसा देण्यावर मर्यादा घातली. तेव्हा जगातल्या ज्या मोजक्या प्रयोगशाळांच्या वाहिन्या मान्य यादीत आल्या, त्यात मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस होती. सांगायचा मुद्दा असा की हे काम दूर परदेशात चाललेले नाही, आपल्याच राज्याच्या राजधानीत चाललेले आहे.

या कामाला लगाम कसा आहे? ब्रिटनमध्ये 1984 साली वॉर्नॉक समितीने सांगितले की प्रयोगशाळेतले भ्रूण चौदा दिवसांच्या पुढे वाढवायचे नाही. साधारण त्याच सुमारास भ्रूणात शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते. 1990 मध्ये ब्रिटनने त्याचा कायदा केला. आपल्याकडे आयसीएमआरच्या मूलपेशी संशोधनाच्या मार्गदर्शक सूचनांनीही हीच मर्यादा मानली. प्रत्येक संस्थेत समिती, वर राष्ट्रीय शिखर समिती. माणसाची प्रतिकृती बनवायला बंदी, जनुके बदललेले भ्रूण गर्भाशयात सोडायला बंदी.

त्यानंतर 2021 चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आला आणि जानेवारी 2022 पासून लागू झाला. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येते. मुदत संपली की ते नष्ट होऊ द्यायचे, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. संशोधनासाठी भ्रूण देशाबाहेर पाठवायला पूर्ण बंदी. भ्रूण वा बीज विकले तर पहिल्या गुन्ह्याला पाच ते दहा लाख दंड, पुन्हा केले तर तीन ते आठ वर्षे कैद. वर राष्ट्रीय मंडळ, त्याचे अध्यक्ष केंद्रीय आरोग्यमंत्री. राज्यात राज्य मंडळ, त्याचे अध्यक्ष राज्याचे आरोग्यमंत्री.

मी याच्या विरोधात नाही. सुईच्या टोकाएवढ्या पेशींच्या गोळ्याबद्दल शासन इतके सावध असते हे चांगलेच आहे. यातून एक गोष्ट सिद्ध होते. शासनाने मनावर घेतले तर त्याला दिवस मोजता येतात, नोंद ठेवता येते, जबाबदार माणूस ठरवता येतो आणि शिक्षाही लिहिता येते. "आमच्याकडे यंत्रणा नाही" हे वाक्य यापुढे कोणत्याही अधिकाऱ्याने आपल्याला ऐकवू नये.

या कायद्यात ती बाई कुठे आहे?

आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. बीज देणारी स्त्री 23 ते 35 वर्षांची हवी. आयुष्यात एकदाच बीज देता येईल. सातपेक्षा जास्त बीजे काढायची नाहीत. तिचा विमा मूल हवे असलेल्या जोडप्याने उतरवायचा. तिचा आधार क्रमांक नोंदवायचा. वाचायला उत्तम आहे.

आता विहारात मागे थांबलेल्या त्या बाईला हे नियम लावून पाहा. दोनदा बीज काढले. किती काढले, तिला माहीत नाही. विमा म्हणजे काय, हे मी सांगितल्यावर कळले. आधार दुसरीचे. प्रत्येक नियम मोडला गेला आणि कुठल्याच नोंदवहीला त्याचा पत्ता नाही. कारण नोंदवही भरणारा माणूस तोच आहे ज्याचा धंदा त्यावर चालतो. त्याने जे लिहिले ते खरे आणि ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही.

पुन्हा कायद्याने बीजाच्या विक्रीला गुन्हा ठरवले आहे. हेतू चांगला. पण साइटवरच्या खोलीत त्याचा अर्थ असा पोचतो की पैसे घेतले म्हणजे तूही गुन्हेगार. दलालाला हेच हवे असते. त्या बाईचे तोंड बंद ठेवायला त्याला वेगळी धमकी द्यावी लागत नाही, कायदाच त्याचे काम करतो. 2010 मध्ये मुंबईत एक 17 वर्षांची कामगार मुलगी बीज काढल्यानंतर मरण पावली होती. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हा म्हणत, कायदा नाही. आता कायदा आहे. पण मजूर बाईच्या बाजूने पाहिले तर फरक किती पडला?

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तपासणीत साडेतेरा हजारांहून अधिक बायांची शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. एवढा आकडा आला कुठून? कोणीतरी फडावर आणि वस्तीत जाऊन बायांना विचारले, म्हणून आला. दवाखान्याच्या वह्यांतून तो आपोआप वर आला नव्हता.

आणि हे मंडळ कोणाचे? कायद्याने त्यावर महिला खासदार, महिला आमदार, तज्ज्ञ डॉक्टर, समाजशास्त्रज्ञ, महिला संघटनांचे प्रतिनिधी यांना जागा दिली आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या, भटक्या-विमुक्तांच्या, मजूर बायांच्या प्रतिनिधीसाठी मात्र जागा राखलेली नाही. मी समाजशास्त्र शिकले, त्यातली पहिली गोष्ट हीच होती की कोणाला मोजायचे हे टेबलाभोवती बसलेली माणसे ठरवतात. या टेबलाभोवती मूल हवे असलेल्यांची बाजू आहे, डॉक्टरांची आहे, शासनाची आहे. बीज ज्यांच्या पोटातून येते त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी असेलच, याची हमी कायद्यात नाही.

आता अनुशेषाकडे या

ती बाई शहरात का गेली? या प्रश्नाला दुसऱ्या वहीत उत्तर आहे.

1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला होता की खर्चात, नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल. बाबासाहेबांनी 1955 मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना एका मोठ्या महाराष्ट्राऐवजी चार भागांची मांडणी केली. मागास भाग पुढारलेल्या भागाच्या मागे फरफटत जाईल, ही चिंता त्यात होती. संविधानाच्या कलम 371(2) मध्ये राज्यपालांवर निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी टाकता येते. एवढे सगळे असून वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात आली 1994 मध्ये. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. निर्णयाला वर्षे झाली, मंडळ काही कामाला लागले नाही.

भ्रूणाची साठवण दहा वर्षांच्या पुढे एक दिवस गेली तर कायद्याचा भंग होतो. विदर्भाच्या मंडळाची मुदत संपून वर्षे उलटली, त्याबद्दल कोणाला पाच रुपयांचाही दंड झाला नाही.

1984 मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला. राज्याचा सुमारे 3,186 कोटी, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के. पुढे निर्देशांक व अनुशेष समिती आली, राज्यपालांचे निर्देश आले, 2013 मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. सगळ्यात शेवटपर्यंत जो सिंचनाचा अनुशेष रेंगाळला तो अमरावती, अकोला, वाशिम आणि आपला बुलढाणा या चार जिल्ह्यांचा. नांदुरा तालुक्यातला पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प बघा. चारशे कोटींच्या आत धरलेला खर्च हजारो कोटींवर गेला, एक पिढी म्हातारी झाली.

इथपर्यंत आपले सगळे विदर्भवादी मित्र टाळ्या वाजवतील. पुढचे मात्र त्यांना आवडणार नाही.

अनुशेष मोजला कसा? सिंचनाखालच्या हेक्टरमध्ये. वीज जोडलेल्या कृषिपंपांमध्ये. रस्ते, शाळा, दवाखानेही मोजले, हे मान्य. पण सगळ्यात मोठा आकडा सिंचनाचा. आता ज्याच्याकडे हेक्टर नाही, विहीर नाही, पंप नाही, त्याचा अनुशेष किती? शून्य. कागदावर तो मागासच नाही! 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपास आहे, राज्यात ते 11.8 टक्के. म्हणजे आपला जिल्हा आपल्या माणसांचा जिल्हा आहे. मेहकर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. आणि जानेफळसारख्या गावात आपल्या वस्तीतल्या किती घरांकडे ओलिताची जमीन आहे, हे बोटावर मोजायला वेळ लागत नाही. पेनटाकळीच्या धरणाचे पाणी कालव्याने ज्याच्या शेतात जाते त्याचा अनुशेष भरला. त्याच शेतात निंदायला जाणाऱ्या बाईचा अनुशेष कुठल्या समितीने मोजला?

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याचसाठी. त्यांच्याच नावाने 2004 पासून भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची योजना आहे. योजना कागदावर देखणी आहे. जमीन विकायला कोणी तयार नाही, शासनाचा दर आणि बाजाराचा दर जुळत नाही, फाइल फिरत राहते. ओलिताचा हेक्टर कमी पडला तर 'अनुशेष' म्हणून राज्यपालांच्या टेबलावर जातो. भूमिहीनाला जमीन मिळाली नाही तर ती 'लाभार्थी उपलब्ध नाही' किंवा 'जमीन उपलब्ध नाही' म्हणून समाजकल्याणच्या कपाटात जाते. एकाच राज्यात मागासपणाची अशी दोन मापे आहेत.

आपल्या निधीला पहारेकरी नाही

अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा पैसा वेगळा काढायचा, हे धोरण 1979-80 पासूनचे. आधी विशेष घटक योजना म्हणत, आता अनुसूचित जाती उपयोजना. हा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, हे नियोजन आयोगाने वेळोवेळी सांगितले. पण सांगितले म्हणजे फक्त सूचना केली. महाराष्ट्रात त्याला कायद्याचे बळ नाही.

म्हणून काय होते? मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे 335 कोटी वळते झाले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्या खात्याचा मंत्री स्वतःच्या खात्याचा पैसा वाचवू शकत नाही, त्या खात्याच्या पैशाला पहारेकरी कोण?

काही जण म्हणतील, ताई, लाडकी बहीण आपल्याही बायांना मिळते, तुम्ही विरोध कशाला करता? मी 1500 रुपयांना विरोध करत नाही. आमच्या वस्तीतल्या कितीतरी बायांचा त्यावर किराणा चालतो. पण राज्यातल्या सगळ्या बहिणींना ओवाळणी द्यायची तर ती राज्याच्या तिजोरीतून द्या. वसतिगृहाच्या, शिष्यवृत्तीच्या, वस्तीतल्या नाल्या-रस्त्याच्या पैशातून ती का? सवर्ण बहिणीला तिजोरीतून आणि दलित बहिणीला तिच्याच भावाच्या शिष्यवृत्तीतून, हा कुठला न्याय?

आंध्र प्रदेशाने 2013 मध्ये या निधीसाठी कायदा केला, कर्नाटकानेही त्याच वर्षी केला. कायदा केला की सगळे सुटते असे मी म्हणत नाही. कर्नाटकात कलम 7-ड ची पळवाट ठेवली होती, तिच्यातून पैसा वळवला जात राहिला आणि 2023 मध्ये ते कलम रद्द करावे लागले. पण कायदा होता म्हणून पळवाट दाखवता आली आणि ती बुजवण्यासाठी लढता आले. आपल्याकडे भिंतच नाही, मग भोक कुठे दाखवायचे?

मोजले की काय होते

एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे. 2001 च्या जनगणनेत बुलढाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 908 मुली होत्या. 2011 मध्ये 855. राज्याची सरासरी 894. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्येच कायदा केला होता, 1994 मध्ये केंद्राचा आला. कायदा होता, सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी होती, अर्ज भरले जात होते. तरी मुली गायब झाल्या. पण जिल्ह्याची लाज चव्हाट्यावर आली ती जिल्हानिहाय आकडा जाहीर झाला म्हणून. आकडा नसता तर आपण आजही "आमच्याकडे तसे काही नाही" म्हणत बसलो असतो.

दुसरे उदाहरण ताजे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांना अचानक टक्कल पडू लागले. देशभर बातमी झाली, टीव्हीवाल्यांना करमणूक झाली. आयसीएमआरचे पथक आले, रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने घेऊन गेले. गावाला सेलेनियमचा आणि रेशनच्या गव्हाचा संशय ऐकायला मिळाला तो महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या पुढाकाराने केलेल्या तपासणीच्या बातम्यांतून. ज्यांच्या अंगातून नमुना घेतला त्यांना निष्कर्ष आधी सांगायचा असतो, एवढी साधी रीत नाही. आयसीएमआर म्हणजे तीच संस्था, जिने भ्रूणाच्या चौदा दिवसांचा नियम लिहिला. तिला शिस्त माहीत नाही असे नाही. ती शिस्त गावापर्यंत आणायची कोणाला गरज वाटत नाही.

आणि योगायोग बघा. आपल्या जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव, मेहकर तालुक्याचेच, 2024 पासून केंद्रात आरोग्य खात्याचे राज्यमंत्री आहेत. भ्रूणाची नोंदवही ज्या खात्याची, त्या खात्यापर्यंत जाणारी वाट जानेफळवरून वीसेक किलोमीटरवर सुरू होते. म्हणजे "आमचा आवाज दिल्लीला जात नाही" ही सबब आपल्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना तरी चालणार नाही.

विज्ञानाला विरोध नको, वाटा मागा

एक सावधगिरी. या विषयावर बोलताना आपल्यातले काही जण "देवाच्या कामात ढवळाढवळ" या भाषेत बोलू लागतात. ती आपली भाषा नव्हे. गर्भात आत्मा शिरतो म्हणून भ्रूण पवित्र, हा युक्तिवाद अनात्मवादी धम्माच्या माणसाने उसना घेऊ नये. आपला प्रश्न दुःखाचा आहे. दुःख कोणाला झाले, कोणत्या कारणाने झाले, ते थांबवता येईल का?

विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आहे. पूर्व विदर्भात घरेच्या घरे त्याने गांजलेली आहेत. गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूणाची तपासणी करून हा आजार टाळता येतो. जनुक संपादनाच्या उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजुरीही मिळाली. त्याच वर्षी केंद्राने 2047 पर्यंत सिकलसेल संपवण्याचे अभियान सुरू केले. मग भ्रूण आणि मूलपेशींच्या संशोधनाचा सगळ्यात मोठा हक्कदार कोण? आपणच. पण हे तंत्र आज मिळते ते लाखो रुपये मोजणाऱ्याला. बीज आपल्या बाईचे आणि फायदा दुसऱ्याचा. एके काळी खामगावच्या बाजारातून वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांना गेला, मग माणसे मजुरीला गेली, आता बाईच्या पोटातले बीज चालले आहे. जाण्याची वाट रुळलेली आहे. येण्याच्या वाटेवर मात्र ना दवाखाना येतो, ना निधी. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते 2024 मध्ये!

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेतली. आईच्या विश्रांतीचा भार शासनाने उचलला पाहिजे, कारण त्यात देशाचे हित आहे, अशी त्यांची मांडणी होती. 1938 मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने रोहम यांनी मांडला. ज्या काळात पुढारी या विषयावर बोलायला लाजत होते, त्या काळात बाबासाहेबांनी बाईच्या शरीराचा प्रश्न अंदाजपत्रकाच्या प्रश्नाशी जोडला. मी आज करते आहे ते नवीन काही नाही. तीच जोडणी पुढे नेते आहे.

मग करायचे काय?

चार मागण्या आहेत. यावर आपण एकत्र आले पाहिजे.

एक. बीज देणाऱ्या स्त्रियांची माहिती, नावे वगळून, दरवर्षी जिल्हानिहाय आणि सामाजिक वर्गनिहाय जाहीर करा. किती जणींनी दिले, किती जणींना त्रास झाला, किती जणींना विम्याचा पैसा मिळाला. हा अहवाल विधिमंडळात ठेवा. आणि तक्रार करणाऱ्या बाईवर गुन्हा दाखल होणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहा. ती गुन्हेगार नाही, साक्षीदार आहे.

दोन. राष्ट्रीय आणि राज्य मंडळावर अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि असंघटित कामगार स्त्रियांच्या प्रतिनिधींना कायद्याने जागा द्या.

तीन. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व जमाती उपयोजनेच्या निधीसाठी कायदा करा. पैसा वळवता येणार नाही, न वापरलेला पैसा बुडणार नाही, आणि जो अधिकारी वळवेल त्याला शिक्षा होईल. भ्रूण विकणाऱ्याला शिक्षा लिहिता येते तर वसतिगृहाचा निधी पळवणाऱ्याला का नाही?

चार. विदर्भ विकास मंडळ पुन्हा सुरू करा, पण जुन्या मापाने नको. अनुशेष मोजताना भूमिहीन घर हे एकक धरा. हेक्टरसोबत भूमिहीनांना मिळालेली जमीन मोजा, स्थलांतर मोजा, वस्तीपासून सोनोग्राफीचे अंतर मोजा.

या मागण्या मुंबई-दिल्लीच्या आहेत म्हणून आपण हात बांधून बसायचे का? नाही. येत्या ग्रामसभेत उठून विचारा, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून आपल्या वस्तीला पाच वर्षांत किती आले आणि ते कुठे खर्च झाले. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून जिल्हा नियोजन समितीकडून उपयोजनेचा मंजूर आणि खर्च झालेला आकडा मागा. अर्ज एकट्याने करू नका, दहा गावांतून दहा अर्ज जाऊ द्या. आणि विहारात बायांची वेगळी बैठक घ्या. पुरुष कार्यकर्त्यांनी त्या वेळी बाहेर चहाची व्यवस्था बघावी. तिथे कोणी बीज दिल्याचे बोलले तर तिला लाजवू नका, तिचे नाव कुठे सांगू नका. आधी तिला डॉक्टरकडे न्या, मग बाकीचे. मी स्वतः पहिल्या दिवशी तक्रारीची घाई केली. आधी तिचे पोट दुखत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

ती बाई आता बरी आहे. पेरणी झाली आणि ती पुन्हा साइटवर गेली. जाताना मी तिला माझा नंबर दिला आणि म्हटले, पुन्हा कोणी विचारले तर आधी मला फोन कर. ती हसली. म्हणाली, "ताई, इथं काम द्या, मंग नाही जात."

तिच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते उत्तर ज्यांच्या वहीत असायला हवे, त्यांच्या वहीत तिचे नाव नाही. आपले काम तिचे नाव त्या वहीत लिहायला लावण्याचे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय. जय संविधान.